मदत हवी आहे: सशांसाठी एअर रायफल .१७७ कॅलिबरची (नळीचा व्यास, इंचांत) घ्यावी की .२२?

विजू_के
शनिवारी दुकानात जायचंय, त्याआधी एकदाचा निर्णय लागू दे. ससे मुख्य, जमलं तर खारी आणि कबुतरंही. दुकानदार म्हणतो .२२ घे, शेतमालक म्हणतो .१७७. व्हिडिओ बघून बघून डोकं उठलंय. ज्यांनी स्वतः वापरलीय त्यांनीच सांगा, आणि कृपया फाटे फोडू नका.

सह्यकडा
कुठल्या जिल्ह्यात आहात? ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बंदूक छर्‍याची असली म्हणून सूट मिळत नाही. शिवाय .२२ ला परवाना लागतो, बिनपरवाना फक्त .१७७ पर्यंत आणि तीही २० ज्यूलच्या आत. असे धागे संपादकांनी उडवायला हवेत.

विजू_के
अहो, मी इंग्लंडमध्ये आहे, केंटला! इथे रानससे कोवळा गहू साफ करतात. मालकाची लेखी परवानगी आहे. कॅलिबरचं बोला ना कुणीतरी.

नळीवाला
हे आधी सांगायचं होतं. तिकडे बिनपरवाना रायफलला १२ फूट-पाउंडांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण १६ ज्यूल. कॅलिबर कुठलंही घ्या, ताकद तेवढीच. .१७७ चा साडेआठ ग्रेनचा (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं माप) छर्रा सेकंदाला ७८० फुटांच्या आसपास सुटतो, .२२ चा सोळा ग्रेनचा ५७० च्या. हलका आणि वेगवान, की जड आणि संथ, एवढाच प्रश्न. आता सांगा: स्प्रिंगची की पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी)? किती लांबून मारणार? दुर्बीण आहे का?

आबासाहेब
.२२ घ्या, डोळे मिटून. मी लेस्टरला आल्यापासून तीच वापरतोय. जड छर्रा बसला की ससा जागेवर आडवा. .१७७ आरपार निघून जातो आणि जखमी जनावर बिळात शिरून तडफडत मरतं. ते पाप कशाला घ्यायचं?

नळीवाला
आबासाहेब, जनावर जखमी होतं ते नेम चुकल्यामुळे. सशाचा डोळा आणि कान यांच्या मधली इंचभर जागा, तिथे बसला तर दोन्ही छर्रे काम करतात. ३० यार्डांवर नेम जुळवलेली .२२ चाळिसावर दोन इंच खाली मारते, .१७७ इंचभर. संध्याकाळी कुंपणाकडेला बसलेला ससा बत्तीसवर आहे की चाळिसावर, हे नुसत्या डोळ्यांनी कसं ओळखणार? .२२ चा छर्रा तिथे जबड्यात बसेल.

आबासाहेब
अंतर मोजायचं यंत्र मिळतं. नाहीतर दिवसाउजेडी पावलं मोजून काठ्या रोवून ठेवाव्यात, मी तेच करतो. आणि जानेवारीत बोटं बधिर झालेली असताना ते .१७७ चे बारके छर्रे भरून बघा एकदा. निम्मे चिखलात पडतात.

परसबाग
मारण्यापेक्षा जाळी लावा. ३१ मिमी भोकांची, मीटरभर उंच, आणि खालची १५ सेंमी बाहेरच्या बाजूला दुमडून मातीत. ससा खणतो तो कुंपणाच्या अगदी बुडाशी, तिथे जाळी आडवी येते. माझे कोबीचे गड्डे वाचले ते यामुळेच.

विजू_के
ताई, वाफे नाहीत हो, गव्हाचं रान आहे आणि तेही दुसर्‍याचं. @नळीवाला: स्प्रिंगची, तेवढंच बजेट आहे. २५-३० यार्ड. दुर्बीण दुकानदार सोबत देतोय.

पूर्वेची_खिंड
खारी कुठल्या? राखाडी मारता येते, लाल खार संरक्षित आहे. केंटमध्ये लाल दिसणार नाही, पण उत्तरेला फिरायला गेलात तर लक्षात ठेवा. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या अखेरीपासून एअर रायफल बाळगायलाही सर्टिफिकेट लागतं. कबुतरांपैकी वूडपिजन (तिकडचं रानकबूतर) जनरल लायसन्सच्या, म्हणजे सरकारने सगळ्यांसाठी दिलेल्या खुल्या परवान्याच्या, अटींत बसतं. त्या अटी आधी वाचा.

खमंग
सशाच्या मटणाला चरबी नसते, मंद आचेवर भरपूर वेळ द्या. कांदा-खोबर्‍याचं वाटण चांगलं लागतं. डोळे सुजलेला ससा मात्र घरी आणू नका, तो मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाचा असतो.

नळीवाला
स्प्रिंग आणि ३० च्या आत म्हटल्यावर आबासाहेबांच्या .२२ ला माझा विरोध नाही. त्या अंतरात छर्रा फारसा पडत नाही, आणि .२२ ची स्प्रिंग बहुधा जरा मऊ चालते. .१७७ घ्यायची ती पुढे चाळिसावर जायचं असेल तर. खरा त्रास स्प्रिंगच्या दणक्याचा आहे: छर्रा नळीतून सुटायच्या आधीच रायफल हलते, म्हणून ती आवळून धरायची नाही, तळहातावर नुसती टेकवायची. दुर्बीणही स्प्रिंगला चालणारीच मागा, साधी त्या दणक्याने मोडते. एकाच मॉडेलच्या दोन्ही रायफली दुकानात किंवा क्लबात मारून बघा. बसून मारलेले पाच छर्रे ३० यार्डांवर इंचात येईपर्यंत सशावर रोखू नका.

विजू_के
हे कामाचं बोललात. म्हणजे .२२ कडे झुकतोय. दुकान लांब आहे, ऑनलाइन मागवली तर?

पूर्वेची_खिंड
विक्रेत्याला ती समोरासमोरच हातात द्यावी लागते, घरपोच पार्सल नाही. ओळखपत्र न्या, १८ पूर्ण लागतात. घरात मुलं असतील तर कुलपाची पेटीही त्याच फेरीत घ्या, १८ खालच्यांच्या हाती लागणार नाही याची जबाबदारी कायद्याने तुमची आहे.