मदत हवी आहे: ‘देसवेलो’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी, स्पॅनिश ‘देसवेलो’पाशी अडलेय. अर्थ जागरण, आणि आईने लेकरासाठी जिवापाड घेतलेली काळजीसुद्धा! मूळ लॅटिन ‘विगिलारे’, म्हणजे जागं राहणं. मेणबत्तीची ‘वेला’ त्याच घरातली. रात्र जागवते ना ती. पण ‘देसवेलार’ हे क्रियापद कोशात दोनदा सापडतं. दुसरं आलंय ‘वेलो’वरून, म्हणजे पडदा या शब्दावरून; त्याचा अर्थ उघड करणं. उच्चार तोच, कूळ निराळं. निद्रानाशाच्या ‘इन्सोम्निओ’तला लॅटिन ‘सोम्नुस’, म्हणजे झोप, मात्र आपल्या ‘स्वप्न’चा भाऊबंद, हे कळलं तेव्हा फार आनंद झाला.

‘रात्रीचा दिवस करणं’ जवळचं वाटतं, पण त्यात कष्ट जास्त, माया कमी. जागरण आणि माया दोन्ही पेलणारा एखादा शब्द, अगदी बोलीतलाही, कुणाला आठवतोय का?