मदत हवी आहे: पावसातली रात्र आणि समोरचा अप्पर

पावस ते रत्नागिरी रोज कारने जा-ये करतो. सकाळी काही वाटत नाही. संध्याकाळी घरी येताना भाट्याचा पूल ओलांडला की समोरच्या गाड्यांचे अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, थेट डोळ्यांत. डिपर दिला, म्हणजे दिवे खाली-वर करून खूण केली, तरी झोत खाली करतील तर शपथ! काल त्या झोतात कडेने छत्री धरून चाललेल्या आजी शेवटच्या क्षणी दिसल्या. ब्रेक लागला, पण डबक्यातलं तांबडं पाणी त्यांच्या लुगड्यावर उडालंच. उतरून माफी मागितली. "हळू जा रे बाबा," एवढंच म्हणाल्या.

नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवावी म्हणतात, पण इथे ती जागोजागी पुसलेली. मग बघायचं कुठे? चारही इंडिकेटर लावून चालवणं मला पटत नाही, कोण कुठे वळतोय तेच कळत नाही. आणि मागे चिकटलेल्या डंपरला वळणांवर पुढे कसं सोडता? रोज चालवणाऱ्यांनी सांगा.