मदत हवी आहे: चालू गोळीवर ब्युप्रोपिऑन जोडलंय, थकवा खरंच जातो का?

सांजवेळ
ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनीच सांगा प्लीज, आणि जरा लवकर. डिप्रेशन जुनं आहे, गोळी चालू आहे, रडू येणं वगैरे थांबलंय पण थकवा काही जात नाही. झोपून उठलं की जातो तसला थकवा नाही हा. आज सकाळी पलंगाच्या कडेला बसले, एक मोजा घातला, दुसरा हातात, आणि घड्याळ बघितलं तर पंचवीस मिनिटं गेलेली. डोक्यात काही वाईट चालू होतं असंही नाही, नुसती बसले होते. डॉक्टरांनी आता ब्युप्रोपिऑन ॲड-ऑन म्हणून लिहून दिलंय. पाकीट चार दिवस टेबलावर पडलंय, उघडलेलंच नाही कारण आतल्या कागदावर फिट येऊ शकते असं छापलंय. पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे. घेऊ की नको?

निळी_शाई
मी दोन वर्षं घेतलं, सर्ट्रालिन या डिप्रेशनच्या गोळीवर जोडून. मला फरक पडला, पण तुमच्या पोस्टवरून काहीच कळत नाहीये. चालू गोळी कुठली? किती एमजी? किती दिवसांपासून? नवीन गोळी १५० ची आहे का ३०० ची?

सांजवेळ
एस्सिटालोप्राम. नवीन १५० एक्सएल. बाकी कशाला लागतंय, मला एवढंच विचारायचंय की थकवा जातो का.

निळी_शाई
कारण थकवा कशाचा आहे त्यावर आहे ना सगळं. माझ्या बाबतीत सांगते. सर्ट्रालिनने दुःख गेलं पण बाकीचंही सगळं बोथट झालं, आनंद नाही, राग नाही, उठावंसं वाटत नाही. ब्युप्रोपिऑन मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाला हात लावत नाही, नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिन या दुसऱ्या दोन रसायनांवर काम करतं, म्हणून असल्या थकव्याला ते देतात. पहिले दहा दिवस नुसती धडधड आणि तोंडाला कोरड, तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी लक्षात आलं की मी कुणी न सांगता कपाट आवरायला घेतलंय. सकाळीच घ्या, दुपारनंतर घेतलं तर रात्री छताकडे बघत पडाल.

चालता_बोलता
गोळीवर गोळी वाढवत जाऊ नका ताई. मी स्वतः यातून गेलोय. रोज पहाटे ४५ मिनिटं भरभर चालायला लागलो आणि सहा महिन्यांत सगळं सोडलं. शरीर हललं की मन हलतं. तुम्ही उद्यापासून सुरू करा.

गुलबक्षी
अहो, ती बाई मोजा घालता घालता पंचवीस मिनिटं अडकलीये आणि तुम्ही तिला पहाटे ४५ मिनिटं चालायला सांगताय? व्यायामाचा उपयोग होतो हे मला मान्य आहे, पण ज्याला उठताच येत नाही त्याला हे सांगितलं की तो वर स्वतःलाच दोष द्यायला लागतो. माझ्या नवऱ्याला चार वर्षं हेच ऐकावं लागलं.
सांजवेळ, एक सरळ विचारते, राग मानू नका. जीव नकोसा वाटणं, मरणाचे विचार, असं काही आहे का? असेल तर तीन आठवडे थांबू नका, आजच्या आज डॉक्टरांना कळवा आणि घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा.

सांजवेळ
नाही हो, तसं काही नाही. विचारलंत ते बरं वाटलं. पूर्वी होतं, आता नाही.

चालता_बोलता
मी दोष देत नाहीये. मला ज्याने जीवदान दिलं ते सांगितलं. दहा मिनिटांपासून सुरू करा, मग तर झालं?

धूमकेतू
ब्युप्रोपिऑनपेक्षा ॲरिपिप्रॅझोल मागून घ्या, तेही चालू गोळीवर जोडून देतात. २ एमजी पुरतं. माझ्या बहिणीला दोन आठवड्यांत फरक. २०१७ साली अमेरिकेत माजी सैनिकांवर मोठी ट्रायल झाली, १,५२२ लोक, ज्यांना पहिल्या गोळीने गुण आला नव्हता असे. १२ आठवड्यांत पूर्ण बरे झालेले बघा: गोळी बदलून ब्युप्रोपिऑन दिलं तर २२ टक्के, जोडून दिलं तर २७, ॲरिपिप्रॅझोल जोडलं तर २९. आकडे स्पष्ट आहेत.

निळी_शाई
२७ आणि २९ मध्ये कसलं आलंय स्पष्ट? आणि त्याच ट्रायलमध्ये ॲरिपिप्रॅझोलवाल्यांना वजनवाढ, गुंगी आणि अकथिसिया जास्त होता, ते का गाळलंत? अकथिसिया म्हणजे पायांना बसू न देणारी तगमग. मी तीन आठवडे भोगलीये, खुर्चीत बसून जेवता येत नव्हतं, ताट हातात घेऊन फेऱ्या मारायचे. आधीच थकलेल्या बाईला हे मागून घ्या असं कसं सांगता?

धूमकेतू
तुम्हाला झालं म्हणजे सगळ्यांना होतं असं नाही. ब्युप्रोपिऑनवाल्यांना त्याच ट्रायलमध्ये बेचैनी जास्त होती, तेही सांगा मग.

रानवाटा
थांबा, ब्युप्रोपिऑन म्हणजे सिगारेट सोडायची गोळी ना? माझ्या भावाला तीच दिली होती. मग डिप्रेशनला कशी काय?

खलबत्ता
औषध एकच, काम दोन. अमेरिकेत आधी डिप्रेशनसाठी आलं, सिगारेटसाठीची मंजुरी १९९७ ची.
आता धागाकर्तीच्या भीतीबद्दल. मी फार्मसिस्ट आहे, काउंटरवर हा प्रश्न मला सतत येतो. फिटची भीती खोटी नाही, पण ती डोसवर आहे. सुरुवातीला हे औषध फार मोठ्या डोसमध्ये देत, फिट आल्या म्हणून १९८६ ला बाजारातून काढलं, आणि डोसची मर्यादा खाली आणून १९८९ ला परत आणलं. ३०० एमजीपर्यंत साधारण हजारात एकाला, ४५० ला हजारात चौघांना. तुमचं १५० आहे, त्यातून एक्सएल, म्हणजे दिवसभर हळूहळू सुटणारं. गोळी तोडायची, चावायची, कुटायची नाही, नाहीतर सगळा डोस एकदम अंगावर येतो.
पण हे गणित धोका नसलेल्या माणसाचं. म्हणून विचारतो: कधी फिट आली होती का? डोक्याला मोठा मार? खाणं बंद करणं किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढणं असा आजार? दारू रोज घेऊन अचानक सोडलीत का? आणि बाकी गोळ्या कुठल्या, सगळ्या लिहा.

सांजवेळ
यातलं काहीच नाही. बाकी गोळ्या नाहीत.

तिसरा_डोळा
थायरॉइड केलंत का? टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२. हे चार बघितल्याशिवाय थकव्याला डिप्रेशन म्हणूच नये. माझं फेरिटिन ९ निघालं होतं आणि हिमोग्लोबिन नॉर्मल, तोवर दोन डॉक्टर बदलून झाले होते. घोरत असाल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकतो त्याची टेस्टही. आणि हो, केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात.

सांजवेळ
सगळं केलंय मार्चमध्ये, नॉर्मल आहे. घोरत नाही. बायोटिन नाही, ड जीवनसत्त्व आहे फक्त, आणि रात्रीची डोकेदुखीची.
कुणी हो किंवा नाही सांगेल का प्लीज??

खलबत्ता
डोकेदुखीची म्हणजे? रोज? नाव काय?

सांजवेळ
मेटोप्रोलॉल ५०. बीपीसाठी नाही हो, बीपी नाही मला. मायग्रेन येऊ नये म्हणून, वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली, सहा वर्षं घेतेय. तिचा याच्याशी काय संबंध म्हणून लिहिली नाही.

खलबत्ता
संबंध आहे. ब्युप्रोपिऑन आज उघडू नका. आधी तीन गोष्टी सांगा. एस्सिटालोप्राम किती एमजी आणि त्या डोसवर कधीपासून? थकवा कधीपासून? आणि आत्ता शांत बसून, मनगटावर दोन बोटं ठेवून, पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका.

सांजवेळ
आधी १० होती. ती २० करून आठ महिने झाले असतील. थकवा... साधारण तेव्हापासूनच, पण मला वाटलं डिप्रेशन वाढलं म्हणूनच तर २० केली ना.
नाडी ४८. दोनदा मोजली. दुसऱ्यांदा ४७.

गुलबक्षी
४८?? उठल्यावर चक्कर येते का हो?

सांजवेळ
डोळ्यांपुढे अंधारी येते कधी कधी. म्हणून तर पलंगावर बसते थोडा वेळ.

खलबत्ता
बघा, मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर आहे, हृदयाचे ठोके कमी करतं. शरीरातून ते बाहेर काढायचं काम लिव्हरमधलं एक एन्झाइम करतं, सीवायपी२डी६ नावाचं. एस्सिटालोप्राम त्या एन्झाइमला थोडं अडवतं. २० एमजीवर रक्तातलं मेटोप्रोलॉल साधारण ८० टक्क्यांनी वाढतं, हे एस्सिटालोप्रामच्या माहितीपत्रकातच दिलंय. म्हणजे तुम्ही गोळी ५० चीच घेताय, पण आठ महिने अंगात जवळजवळ ९० ची घेतल्यासारखी असू शकते. आणि ब्युप्रोपिऑन तेच एन्झाइम याहून कितीतरी जोरात अडवतं. थकवा जायला म्हणून ते सुरू केलंत तर मेटोप्रोलॉल अजून चढेल, नाडी अजून खाली.
सगळा थकवा याचाच आहे असं मी म्हणत नाही, ते तपासल्याशिवाय कुणीच म्हणू शकत नाही. पण तीन आठवडे थांबू नका. आजच फोन करा, दोन्ही गोळ्यांची नावं, डोस आणि ४८ हा आकडा सांगा. ईसीजी काढायला सांगतील बहुतेक. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, दम लागला तर फोनची वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, घाबरून मेटोप्रोलॉल स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीटा ब्लॉकर एकदम सोडलं तर ठोके आणि बीपी उसळी घेतात. तो हळूहळूच उतरवायचा असतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तिसरा_डोळा
तरी मी म्हणेन फेरिटिनचा आकडा टाका. "नॉर्मल" म्हणजे किती? लॅबची रेंज फार खालून सुरू होते.

सांजवेळ
मला इतका राग आलाय. डॉक्टरांना हे दिसायला नको? आठ महिने मी स्वतःला आळशी म्हणतेय. घरचेही म्हणायला लागले होते.

निळी_शाई
राग येणारच. पण डॉक्टरांना मेटोप्रोलॉल माहीत होतं का?

सांजवेळ
त्यांनी विचारलं होतं, अजून काही चालू आहे का म्हणून. मी नाही म्हटलं. रात्री दात घासले की ती गोळी घ्यायची, सहा वर्षं, मला ते औषध वाटतच नव्हतं. केला फोन. उद्या सकाळी बोलावलंय.

रानवाटा
शुभेच्छा. अवांतर, भावाने पाकीट अर्धं झाल्यावर सोडली आणि पुन्हा सिगारेट सुरू झाली. किती दिवस घ्यायची असते?

खलबत्ता
सिगारेटसाठी साधारण ७ ते १२ आठवडे. बाकीचं त्याच्या डॉक्टरांना विचारा, या धाग्यात नको.

सांजवेळ
सात आठवड्यांनी येतेय, उशीर झाला, माफ करा. ईसीजीत ठोके संथ निघाले, बाकी ठीक. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले, बहुतेक पहिल्यांदाच. मेटोप्रोलॉल चार आठवड्यांत उतरवलं आणि मायग्रेनसाठी कॅन्डेसार्टन दिलं. नाडी आता ६६. उठल्यावरची अंधारी पूर्ण गेली. थकवा निम्मा गेला असं म्हणेन, दुपारी आडवं व्हावं लागत नाही आता, पण उरलेला निम्मा आहे. काही करावंसं वाटत नाही तो भाग तसाच आहे. म्हणजे निळी_शाई म्हणाल्या तेही खरं असणार. म्हणून आता ब्युप्रोपिऑन १५० सुरू केलंय, आज अकरावा दिवस. पहाटे चारला जाग येते आणि परत झोप लागत नाही. अजून कळत नाहीये काही.
एक विचारायचं होतं. काल शौचाला गेले तर अख्खी गोळी दिसली. मग औषध अंगाला लागतंय का नाही?

खलबत्ता
लागतंय. एक्सएल गोळीचं ते नुसतं टरफल असतं, आतलं औषध निघून गेलेलं असतं. झोपेचं डॉक्टरांना कळवा. उठल्या उठल्या घेता का?

सांजवेळ
नऊ-साडेनऊला घेते. उद्यापासून सहाला घेऊन बघते, जाग तर असतेच.

चालता_बोलता
आणि चालताय का?

सांजवेळ
हो. दहा मिनिटं. कालपासून बारा.

मृगजळ
धागा वर काढतोय. मी डिप्रेशनसाठी पॅरॉक्सेटिन घेतो आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉल. मला पण थकवा आहे. माझं पण हेच असेल का?

खलबत्ता
पॅरॉक्सेटिन ते एन्झाइम फार जोरात अडवतं, तेव्हा विचारायला हवंच. वेगळा धागा काढा, इथे हरवेल. डोस, कधीपासून आणि नाडी पहिल्याच पोस्टमध्ये लिहा. आणि धागा काढायच्या आधी डॉक्टरांना फोन.