गोगँचं 'ते अतुआ': बापाची धुरकट प्रत खरी की मुलाची स्वच्छ?

कागदवेडी: फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ 1893 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावरून पॅरिसला परतला आणि 'नोआ नोआ' या आपल्या ताहितीवरच्या पुस्तकासाठी त्याने चित्रं छापायचे दहा लाकडी ठोकळे कोरले, त्यातला एक 'ते अतुआ', म्हणजे 'देव'. त्याने स्वतः छापलेल्या प्रती बघा, कुठे शाई जास्त झालीये, कुठे कागद नीट दाबलाच नाहीये, आणि देव अंधारातून अर्धेच बाहेर आलेत. 1921 मध्ये त्याचा मुलगा पोला याने कोपनहेगनला त्याच ठोकळ्यांवरून काळ्या शाईत 100-100 प्रती काढल्या. रेघ न रेघ दिसते, पण अंधार गेला तसे देवही गेले. माझ्यासाठी बापाचीच प्रत खरी.

सुतारपक्षी: अजिबात पटलं नाही. ठोकळा बॉक्सवूड या टणक लाकडाचा, आडव्या छेदाचा, त्यावर पटाशी चालवलीये, सँडपेपर घासलाय, सुईने ओरखडे काढलेत. पोलाच्या प्रतीत काळ्यातले केसाएवढे ओरखडेसुद्धा मोजता येतात, बापाच्या बऱ्याच प्रतींत ते शाईत बुजलेत. मी स्वतः ठसे काढतो, रेघ बुजली की ती प्रत बाजूला टाकतो.

कागदवेडी: बुजली नाही हो, बुजवलीये! दर प्रतीला वेगळी शाई, वेगळा दाब, दोन प्रती एकसारख्या सापडत नाहीत. लुई रॉय या मित्राने पंचवीस-तीस प्रती छापल्या, भडक लाल-पिवळ्यावर जड काळं, तिथे मात्र तुमचं म्हणणं मान्य.

पश्चिमवारा: तुमचं भांडण शाईवरून चाललंय, मला मुळात देवच खटकतात. लंडनचे मिशनरी 1797 ला ताहितीत उतरले, 1819 ला राजा दुसरा पोमारे याने बाप्तिस्मा घेतला, आणि गोगँ पोचला 1891 ला! जुनी पूजा तेव्हा उरलीच कुठे होती? देवांच्या कथा त्याने मोरेनहाउट या युरोपीय लेखकाच्या 1837 च्या पुस्तकातून घेतल्या आणि जवळ जावातल्या बोरोबुदुर या बौद्ध स्तूपाच्या शिल्पांचे फोटो होते, त्याच्या ताहितीच्या देवांची बैठक बघा, कुठून आली ते कळतं. याला ताहितीची श्रद्धा म्हणणं त्या लोकांवर अन्याय आहे.

कागदवेडी: अन्यायाचं मान्य, पण म्हणूनच धुरकट प्रत जास्त प्रामाणिक वाटते मला. जे देव त्याला स्वतःला कधी नीट दिसलेच नाहीत ते कागदावर तरी स्वच्छ कसे येणार? पोलाच्या प्रतीत अशी खात्री दिसते जी गोगँकडे नव्हतीच.

सुतारपक्षी: कोरताना हात कुठेच डळमळलेला नाहीये, ठोकळा बघा. दोन्ही प्रती शेजारी लावल्या तर मी पोलाच्याच समोर उभा राहीन.