मदत हवी आहे: पुस्तकातला खुला मजकूर वेगळा कसा दाखवू?

रोलप्लेइंग गेमसाठी ४८ पानांचं साहस लिहून झालंय, मांडणी अर्ध्यावर आहे. एसआरडी ५.१ चे (डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या मूळ नियमांचा, इतरांना वापरता येणारा दस्तऐवज) नियम ओपन गेम लायसन्स १.०ए या परवान्याखाली घेतलेत. त्याचं ८वं कलम म्हणतं, कोणता भाग खुला, म्हणजे इतरांनाही वापरता येणारा, ते स्पष्ट दाखवा. कसं, ते मात्र सांगत नाही!

आधी खुल्या मजकुरामागे करडा रंग दिला. पण राक्षसाचे आकडे खुले आणि त्याच परिच्छेदातलं नाव राखीव, त्यामुळे पान ठिगळं लावल्यासारखं दिसायला लागलं. आता "चौकटीतलं सगळं खुलं, नावं आणि कथा राखीव" एवढंच सुरुवातीला छापावं म्हणतोय. "नियमांतून आलेलं सगळं खुलं" ही मोघम ओळ मला तरी पळवाट वाटते; वाचणाऱ्याने मूळ नियम शेजारी घेऊन बसायचं का?

अडलंय ते इथे: चौकटीतल्या एका मंत्राच्या वर्णनात माझ्या देवतेचं नाव आहे. ते तिरप्या टाइपात ठेवलं की पुरे? की नाव काढूनच टाकू? हेच नियम जानेवारी २०२३ पासून सीसी बाय ४.० (श्रेय देऊन वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) खालीही आहेत. तिकडे वळलो तर श्रेय आणि बदलांची नोंद द्यावी लागेल, पण माझे राक्षस इतरांना वापरू द्यायचे तर खुणा पुन्हा आल्याच. दोन्ही करून पाहिलेलं कुणी आहे का?