शब्दचर्चा: चलनवाढ, भाववाढ की महागाई?

करोनाकाळावर टिपण लिहितोय. 'इन्फ्लेशन'ला सवयीने चलनवाढ लिहिलं आणि अडलो. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याकडे किरकोळ महागाईचा दर ७.६१ टक्के होता. लोकांच्या हातात तर तेव्हा पैसा नव्हता. मग वाढलं काय, चलन?

— तुम्हीच 'महागाईचा दर' लिहून गेलात की! पण शंका रास्त आहे. चलनवाढ हा शब्द कारणही पदरात बांधून येतो: पैसा वाढला म्हणून भाव वाढले. अमेरिकेला तो बराचसा लागू पडतो. तिथे सरकारने आधी १,२००, मग ६००, मग १,४०० डॉलरपर्यंत माणशी वाटले आणि जून २०२२ मध्ये दर ९.१ टक्क्यांवर गेला. आपलं दुखणं जास्त करून मालाच्या वाटेत होतं, तिथे भाववाढ बरा. महागाई त्याहून घरगुती. संस्कृत 'महार्घ', मोठ्या मोलाचा, त्यावरून महाग. (केंद्राने दीड वर्ष महागाई भत्ता गोठवला होता. महागाई तेवढी गोठवायची राहिली.)

— 'तुटवडा'ही जपून वापरा. एप्रिल २०२० मध्ये टोमॅटो शेतात सडत होते. तुटवडा कुठला? घटली ती आवक. बाजार समितीतला हा शब्द पिकलं किती ते सांगत नाही, दारात किती आलं ते सांगतो. २०२१ मध्ये गाड्यांना चिप मिळेनात, तो खरा तुटवडा. कंटेनरांचं तिसरंच: होते भरपूर, पण रिकामे होऊन भलत्याच बंदरांत पडलेले. त्याला खोळंबा म्हणा. सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे मालवाहू जहाज सहा दिवस आडवं अडकलं, तोही खोळंबाच.

— आमच्या वाण्याला 'पुरवठा साखळी' कधी लागली नाही. चुन्याच्या चौकटीत उभं राहून यादी वाचली की म्हणायचा, "पाठीमागून माल नाही." पुढे तेलाच्या पिशवीचा भाव सांगताना तोच ओशाळायचा. मलेशियातल्या पामच्या मळ्यांत परदेशी मजूर पोचेनात, आणि आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणणारे. त्याचं 'पाठीमागून' तिथवर जात होतं.

— आवक आणि खोळंबा घेतले. आता किंमत तीच पण बिस्किटाचा पुडा हलका, याला काय म्हणायचं? 'माप मारणं' चालेल?

— नाही, पुड्यावर वजन खरं छापलेलं असतं. छुपी भाववाढ लिहा.