मदत हवी आहे: उडत्या पक्ष्यांसाठी कॅनन १३००डी कॅमेरा सोडून कॅननचाच मिररलेस आर५० घ्यावा का?

सध्या कॅनन १३००डी आणि ५५-२५० एसटीएम लेन्स आहे. भिगवणला होडीतून सुरय (टर्न) टिपताना बसलेला पक्षी कडक येतो, पण उडता पक्षी बहुतेक वेळा हातचा जातो. एआय सर्वो (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस), फक्त मधला फोकस पॉइंट, बॅक-बटण फोकस (फोकस मागच्या बटणाने), शटर १/२०००, आयएसओ ८०० ते १६००, हे सगळं करून झालंय. खरी अडचण अशी की नऊपैकी मधला एकच पॉइंट क्रॉस-टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे, पक्षी त्यावरून सरकला की फोकस मागच्या पाण्यावर जातो. शिवाय सेकंदाला जेमतेम ३ फ्रेम.

आर५० पक्षी ओळखून फ्रेमभर माग काढतो, म्हणून मन तिकडे ओढतंय. पण पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर पंख वाकडे येतात, त्यामुळे सेकंदाला १२ फ्रेमच्या फर्स्ट कर्टनवरच (शटर उघडतं इलेक्ट्रॉनिक, मिटतं खऱ्या पडद्याने) वापरेन. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, लवकर भरतो, ते चालेल.

बजेट ७० हजार, सेकंडहँड चालेल, व्हिडिओ नको. नवी लेन्स आत्ता शक्य नाही.

ईएफ-ईओएस आर अडॅप्टरवर (जुनी लेन्स आर५०ला जोडणारा) हीच ५५-२५० लावून कोणी उडते पक्षी टिपलेत का? सलग १२ फ्रेममध्ये फोकस टिकतो, की लेन्सची मोटरच मागे पडते?